डायनाच्या अंघोळीची स्लाइड पुढे ढकलू नका : आर्ट हिस्ट्री शिकवणाऱ्या सर-मॅडमना खुलं पत्र

सर, मॅडम, सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्रातल्या आर्ट कॉलेजांमधे पाश्चात्य कलेचा इतिहास शिकवणाऱ्या तुम्हा सगळ्यांना हे पत्र लिहितेय, कुणा एका कॉलेजला नाही आणि कुणा एका सरांना तर अजिबातच नाही. माझं म्हणणं एकच आहे आणि ते आधीच सांगून टाकते. युरोपच्या पुराणकथांमधल्या अंघोळ करणाऱ्या बायकांची जी चित्रं तुम्ही दाखवता, शिकारीची रोमन देवी डायना, तिची सखी कॅलिस्टो, प्रेमाची देवी व्हीनस वगैरे, ती गोष्टीसकट शिकवा, आणि गोष्ट अर्धवट नाही तर शेवटपर्यंत सांगा. पाण्यात कोण होतं, कोण बघत होतं, त्याच्या आधी काय घडलेलं, नंतर कुणाला काय भोगावं लागलं आणि ते चित्र कुणी पैसे मोजून कुठल्या भिंतीसाठी काढून घेतलं, हे सगळं.

आता वर्गात काय होतं ते तुम्हालाही माहितीये आणि आम्हालाही. लाइट बंद, प्रोजेक्टर चालू, सोळाव्या शतकातल्या व्हेनिसच्या टिशियनचं 'डायना आणि ॲक्टिऑन' पडद्यावर येतं, मागच्या बाकावर खसखस पिकते, मुली वहीत तोंड घालतात आणि सर घाईघाईत म्हणतात की कलेतली नग्नता वेगळी आणि अश्लीलता वेगळी, लिहून घ्या, व्हेनिशियन स्कूल, उबदार रंग, सैल ब्रशवर्क, तिरपी रचना, चला पुढची स्लाइड. मी शिकले तिथे हेच झालं, नंतर वेगवेगळ्या शहरांतल्या मुलामुलींशी बोलले तर त्यांचंही हेच. चित्रात पडदा बाजूला सारणारा तो शिकारी, ॲक्टिऑन, थोड्याच वेळात मरणार आहे हे कुणी सांगितलंच नाही. आणि गंमत बघा, ह्याच मुलांना लाइफ क्लासमधे न्यूड स्टडीला बसवलं तर कुणीही हसत नाही, कारण तिथे डोळ्याला काम असतं, खांद्याचा कोन बघायचा असतो, वजन कुठल्या पायावर आहे ते बघायचं असतं. स्लाइडसमोर हसू येतं कारण तिथे डोळ्याला आपण काही कामच दिलेलं नसतं.

तर काम द्या. टिशियनपासूनच सुरुवात करू कारण तिथे मटेरियल भरपूर आहे.

ही चित्रं कुणासाठी होती ते आधी सांगा. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपसाठी टिशियनने रोमन कवी ओव्हिडच्या आणि बाकीच्या पुराणकथांवर सहा मोठी चित्रं केली, तो स्वतः त्यांना 'पोएझिए' म्हणजे कविता म्हणायचा. १५५४ साली त्याने फिलिपला पत्र लिहिलंय, त्यात सरळ म्हटलंय की आधी पाठवलेल्या चित्रातली डानाए, पुराणातली राजकन्या, पूर्ण समोरून दिसत होती म्हणून आताच्या चित्रातली व्हीनस मी पाठमोरी केली, म्हणजे ज्या खोलीत ही चित्रं लागतील ती डोळ्याला जास्त छान वाटेल. एवढा स्पष्ट पुरावा आहे, चित्रकाराच्याच पत्रातला. गिऱ्हाईक पुरुष, खोली त्याची खासगी, आणि बाईचं शरीर पुढून एकदा मागून एकदा असं मांडलेलं. हे विद्यार्थ्यांपासून लपवून काय मिळतं? उलट हे आधी टेबलावर ठेवलं की मुलं सरळ होऊन बसतात, कारण जे त्यांना मनात वाटत असतं तेच सर मोठ्याने बोललेत.

आणि मग दुसरी अर्धी बाजू सांगा, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. ह्याच चित्रकाराने ह्याच गिऱ्हाइकाला १५५६ ते १५५९ ह्या काळात जी दोन डायना करून पाठवली ती बघून कुणालाही नुसतं छान छान वाटणार नाही. मी ती दोन्ही समोर उभी राहून बघितलीत. प्रत्येक कॅनव्हास जवळजवळ दोन मीटर लांब आणि तेवढाच उंच, माणसं जवळपास खऱ्या मापाची, त्यामुळे डावीकडचा ॲक्टिऑन लालसर पडदा सारून आत येतो तेव्हा तो तुमच्याच शेजारून आत घुसल्यासारखा वाटतो. हे प्रोजेक्टरवर कळत नाही, म्हणून तोंडाने सांगावं लागतं. त्याचे दोन्ही हात दचकून वर गेलेत. उजवीकडे डायना, कपाळावर चंद्रकोर, हात वर करून कापड ओढून घेतेय आणि त्या हाताआडून तिरप्या नजरेने त्याच्याकडे बघतेय. ती लाजलेली नाहीये. तिने निकाल दिलाय. एक सखी तिचा पाय पुसत होती, एक खांबामागून डोकावतेय, आणि डायनाला झाकायला धावलेली पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यातली एक काळी दासी आहे, सगळ्या अंघोळीत पूर्ण कपड्यात असलेली ती एकटीच, तिच्याबद्दल आजवर कुठल्या वर्गात कुणी एक वाक्य बोललेलं मी ऐकलं नाही. व्हेनिसमधे त्या काळी आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते, तिचा चेहरा कुठून आला हा प्रश्न तरी विचारा. डायनाच्या पायाशी छोटं कुत्रं त्याच्या शिकारी कुत्र्यावर भुंकतंय. आणि आता वर बघायला सांगा, मधल्या खांबावर हरणाची कवटी ठेवलीय, झाडाच्या फांदीवर कातडी वाळत घातलीयत. ॲक्टिऑनचं पुढे काय होणार ते त्याच्या डोक्यावर टांगून ठेवलंय आणि त्याला ते दिसलेलं नाही. दोन मिनिटं शांतपणे ही कवटी शोधायला लावा, बघा मागचा बाक काय करतो ते.

ओव्हिडच्या 'मेटॅमॉर्फोसिस'च्या तिसऱ्या भागात ही गोष्ट आहे. भर दुपारी शिकार थांबवून हा पोरगा रानात भटकत त्या दरीत पोचतो. सख्या आरडाओरडा करत डायनाभोवती कडं करतात पण ती सगळ्यांपेक्षा उंच आहे, डोकं वर दिसतंच. बाण हाताशी नाहीत, म्हणून हाताशी आहे ते पाणी ती त्याच्या तोंडावर मारते आणि म्हणते की जा, मला उघडं बघितलंस असं आता लोकांना सांग, सांगता आलं तर. शिंगं फुटतात, कान लांबतात, हाताचे पाय होतात आणि आवाज जातो. त्याची स्वतःची कुत्री त्याला फाडतात, सोबती कुत्र्यांना चेव आणत असतात आणि वर ॲक्टिऑनला हाका मारत असतात की कुठे राहिलास, केवढी मोठी शिकार चुकवतोयस. तो तिथेच असतो.

ओव्हिड ह्याला गुन्हा म्हणत नाही, नशिबाचा फेरा म्हणतो. इथे मला नेहमी थांबावंसं वाटतं, कारण इसवी सन ८ मधे ओव्हिडला सम्राट ऑगस्टसने रोममधून हद्दपार केलं, काळ्या समुद्राच्या काठी, आजच्या रुमानियात, आणि तिथून लिहिलेल्या कवितेत तो स्वतःची तुलना ॲक्टिऑनशी करतो, मी का बघितलं, माझे डोळे का गुन्हेगार केले, त्यानेही नकळतच बघितलं होतं ना, असं. त्याने नक्की काय बघितलं हे त्याने कुठेही लिहून ठेवलेलं नाही. पण बघण्याची शिक्षा होते हे ज्याने सोसलं त्या माणसाची ही गोष्ट आहे, हे कळल्यावर त्या पडद्याशी उभ्या माणसाकडे नुसतं टपोरी म्हणून बघता येत नाही, आणि डायनाला क्रूर म्हणून निकालात पण काढता येत नाही. दोघांच्या बाजूने वर्गात भांडण लावून द्या, तासभर सहज जाईल.

आपल्या मुलांना हे समजावणं तर अजिबात अवघड नाही. पार्वती अंघोळीला बसली, दारात मुलाला उभं केलं की कुणालाही आत सोडू नकोस, आणि त्या दाराशी मुंडकं उडालं, ही गोष्ट गणपतीच्या दिवसांत आपण लहानपणापासून ऐकतो. देवीची अंघोळ ही हद्द आहे आणि ती ओलांडताना कुणाचा तरी जीव जातो, हे आपल्याला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. डोकं कुणाचं उडतं, का उडतं, हे दोन्हीकडे वेगळं आहे आणि तो फरकच बोलण्यासारखा आहे.

आता दुसरं चित्र, 'डायना आणि कॅलिस्टो'. खरं तर हे पत्र मी ह्या एका चित्रासाठी लिहायला घेतलं.

ह्यात पुरुष एकही नाही. उजवीकडे डायना सख्यांच्या घोळक्यात बसलीय आणि हात लांब करून बोट दाखवतेय. डावीकडे तीन-चार जणी मिळून कॅलिस्टोला धरून तिचे कपडे वर ओढतायत, पोट दिसतंय, आणि तिचा चेहरा टिशियनने सावलीत ढकललाय. बाकी सगळ्यांच्या अंगावर उजेड. ज्याच्या हातात ब्रश होता त्याला कळत होतं तो काय करतोय.

नोट्समधे ह्याबद्दल काय असतं? एका गाइडमधे मी 'ज्युपिटर व कॅलिस्टो यांचे प्रेम' असं छापलेलं वाचलंय. सर, मॅडम, ते प्रेम नाहीये. ओव्हिडच्या दुसऱ्या भागात स्पष्ट आहे. कॅलिस्टो डायनाच्या सख्यांतली, शिकारीत रमलेली, दुपारी एकटी झाडाखाली पडलेली असते. देवांचा राजा ज्युपिटर चक्क डायनाचं रूप घेऊन येतो, म्हणजे जिच्यावर तिचा सगळ्यात जास्त विश्वास तिचाच चेहरा लावून. ती झगडते, बाईला शक्य तेवढं झगडते असं ओव्हिड लिहितो आणि मधेच ज्युपिटरच्या बायकोला, जूनोला, उद्देशून म्हणतो की तू हे बघितलं असतंस तर तुझा राग एवढा राहिला नसता. बलात्कार आहे हा, आणि लिहिणाऱ्याने तो बलात्कार म्हणूनच लिहिलाय, दोन हजार वर्षांपूर्वी. मग आपण आज वर्गात बोलताना का चाचरतो?

नऊ महिने ती गप्प राहते. डायना स्वतः कुमारिका म्हणून तिला कळत नाही, सख्यांना मात्र कळलं होतं म्हणतात, हे पण ओव्हिडच सांगतो, आणि ह्या एका ओळीवर माझा जीव अडकतो कारण सख्यांना माहिती होतं आणि कुणी काही बोललं नाही. मग एक दिवस ओढा दिसतो, डायना म्हणते चला सगळ्या अंघोळ करू, कुणी बघणारं नाहीये. सगळ्या कपडे काढतात, ही टाळाटाळ करते, म्हणून त्या ओढून काढतात. डायना म्हणते चालती हो, हे पवित्र पाणी विटाळू नकोस.

म्हणजे हे अंघोळीचं चित्र म्हणून लावलेलं असतं पण ह्यात जिच्याबद्दल चित्र आहे तिला अंघोळ नाकारलीय. मुलीला त्रास देणारा चित्रातच नाही, तो केव्हाच निघून गेलाय, आणि चौकशी तिची चाललीय, तीही बायकांकडून, सगळ्यांच्या देखत. ही गोष्ट आपल्या वर्गातल्या प्रत्येक मुलीला ओळखीची आहे, तिला फक्त कुणीतरी सांगायला हवं की हे पडद्यावर जे दिसतंय ते हेच आहे. आणि मुलांनाही सांगायला हवं, मुलींपेक्षा थोडं जास्तच.

गोष्ट इथे संपत नाही, प्लीज शेवटपर्यंत सांगा. मुलगा होतो, आर्कस. जूनो येऊन कॅलिस्टोला केसाला धरून आपटते आणि तिची अस्वल करते. पंधरा वर्षांनी तोच मुलगा शिकारीला येतो, आईला ओळखत नाही, भाला उगारतो, आणि त्या क्षणी ज्युपिटर दोघांना उचलून आकाशात ठेवतो. तेच ते ग्रेट बेअर, ज्यातले सात ठळक तारे म्हणजे आपले सप्तर्षी. तरी जूनोचा राग शमत नाही, ती समुद्राच्या देवांकडे जाऊन सांगते की हिला तुमच्या पाण्यात उतरू देऊ नका. भूमध्य समुद्राच्या काठावर राहणाऱ्या लोकांना हे तारे ध्रुवाभोवती फिरताना दिसायचे पण समुद्रात बुडताना कधी दिसायचे नाहीत, त्याचं कारण ओव्हिडने हे दिलंय. ओढ्यातून हाकललेल्या बाईला कायमची अंघोळबंदी. आणि आता माझ्या आवडीची गोष्ट, आपण दक्षिणेला राहतो, आपल्याकडून ध्रुवतारा बराच खाली दिसतो, त्यामुळे कोकणच्या किनाऱ्यावरून सप्तर्षी मावळतात. मे महिन्याच्या शेवटी पहाटे रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उभं राहून वायव्येला बघितलं तर ते एकामागून एक समुद्रात उतरताना दिसतात. जूनोची बंदी आपल्या समुद्रापर्यंत पोचलेली नाही. हे मी शाळेतल्या मुलांना ड्रॉइंग शिकवताना सांगते तेव्हा ती कॅलिस्टोचं नाव विसरत नाहीत.

टिशियनवर एवढा वेळ घालवला तर बाकीचं कधी शिकवायचं असं तुम्ही म्हणाल. पण एकदा ही दोन चित्रं नीट झाली की बाकीची भराभर होतात, कारण मुलांच्या हातात प्रश्न आलेला असतो. रेम्ब्रांटचं १६३४चं चित्र दाखवा, जर्मनीत आनहोल्टच्या गढीत आहे, त्यात त्याने दोन्ही गोष्टी एकाच तळ्यावर आणल्या, एका टोकाला शिंगं फुटत असलेला ॲक्टिऑन आणि दुसऱ्या टोकाला कॅलिस्टोची झटापट, आणि तिथल्या काही सख्या हसतायत, खिदळतायत. ते हसणं बघून पोटात कसंतरी होतं. मग फ्रेंच चित्रकार बूशेची १७४२ची डायना, लूव्हरमधली. सुंदर रंगवलीय ह्यात वाद नाही, हातात मोत्यांची माळ, शेजारी मारलेले पक्षी, कुत्री पाणी पितायत. पण ॲक्टिऑन कुठाय? काढून टाकलाय. म्हणजे त्याच्या जागेवर आता बघणारा उभा आणि त्याला शिंगं फुटायची भीती उरलेली नाही. ओव्हिडमधला सगळा धोका काढून नुसती कातडी ठेवली की काय होतं ते ह्या चित्रात स्वच्छ दिसतं, आणि मला वाटतं अंघोळीच्या चित्रांबद्दल लोकांची जी तक्रार असते ती खरं म्हणजे बूशेसारख्यांबद्दल असते, टिशियनबद्दल नाही.

आणि लगेच पुढची स्लाइड डच चित्रकार व्हर्मीरची ठेवा. त्याच्या अगदी सुरुवातीच्या काळातली डायना, साधारण १६५३-५४ची, द हेगच्या माउरित्सहाउसमधे. ते चित्र १८७६ला म्युझियमने घेतलं तेव्हा व्हर्मीरचं आहे हे कुणाला माहितीच नव्हतं, निकोलास मास ह्या दुसऱ्याच चित्रकाराचं म्हणून घेतलं. तीच देवी, त्याच सख्या, पण डायना अंगभर कपड्यात बसलीय आणि एक जण गुडघ्यावर बसून तिचा पाय धुतेय. जवळ पितळी भांडं, कुत्रं, कुणी कुणाकडे बघत नाहीये, सगळ्या आपापल्या विचारात. डोकावणारं कुणी नाही. म्हणजे विषय तोच असून एका विशीतल्या चित्रकाराला असं पण सुचू शकतं. परंपरा होती, सगळेच तसे काढायचे, हे उत्तर आपण नेहमी देतो ना, त्याला हे एक चित्र पुरेसं आहे.

ग्रीक भागात निडोसची ॲफ्रोडाइटी, म्हणजे ग्रीकांची व्हीनस, येतेच, ती नुसती 'पहिली पूर्णाकृती नग्न देवी' म्हणून एका ओळीत उरकू नका. रोमन लेखक प्लिनीने सांगितलेली गोष्ट अशी की ग्रीक शिल्पकार प्रॅक्सिटिलीसने दोन मूर्ती केल्या, एक कपड्यातली आणि एक अंघोळीला निघालेली, बाजूच्या घागरीवर वस्त्र टाकलेली. कोस बेटाच्या लोकांनी सभ्य म्हणून कपड्यातली घेतली, नको असलेली निडोसने घेतली. निडोस आजच्या तुर्कस्तानात येतं. पुढे लोक जहाजं करून ती बघायला यायला लागले, निकोमीडीस राजाने तर तिच्या बदल्यात गावाचं सगळं कर्ज फेडायची तयारी दाखवली आणि गावाने नाही म्हटलं. मूळ मूर्ती केव्हाच गेली, आपण बघतो त्या रोमन नकला. पण एक हात पुढे धरून उभी राहायची ती पोझ तिथून जी सुरू झाली ती शेकडो वर्षं चालली, आणि आपल्याकडे मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमधे १८५७नंतर प्लास्टरचे ग्रीक पुतळे समोर ठेवून ड्रॉइंग शिकवायला सुरुवात झाली तेव्हा ती नजर आपल्या हातातही आली. म्हणून हे परक्यांचं आहे, आपल्याला काय, असं म्हणायची सोय आपल्याला नाही.

पाण्याचा नुसता बहाणा कसा करतात हे बघायचं तर १८६३चं पॅरिस घ्या. काबानेलची व्हीनस लाटेवर आडवी पडलीय, सलॉन ह्या अधिकृत सरकारी प्रदर्शनात लागली आणि सम्राट तिसऱ्या नेपोलियनने विकत घेतली. त्याच वर्षी एदुआर माने ह्या चित्रकाराचं ते गवतावरच्या जेवणाचं चित्र, उघडी बाई थेट आपल्याकडे बघतेय, मागे एक जण पाण्यात उतरलीय, आणि त्याने ते लावलं होतं 'अंघोळ' ह्या नावाने, ते नाकारलेल्या चित्रांच्या प्रदर्शनात गेलं आणि लोक चिडले. देवी म्हटलं की चालतं, गावातली बाई म्हटलं की चालत नाही. आज दोन्ही चित्रं पॅरिसच्या ओर्से म्युझियममधे आहेत.

आता मला दोन प्रकारची माणसं उत्तर देतील ते माहितीये. एक म्हणतील हे दाखवूच नका, पालक तक्रार करतात, मुलं मोबाइलवर फोटो काढतात. तुमची अडचण खरी आहे, तुम्हाला मधल्यामधे प्रिन्सिपलना उत्तरं द्यावी लागतात हे मला दिसतं. पण लपवून काय होतं ते माद्रिदला झालंय, तिथल्या प्राडो म्युझियममधे १८२७ ते १८३८ नग्न चित्रांची वेगळी बंद खोली होती, परवानगी असेल त्यालाच आत सोडायचे. त्याने चित्रं सोवळी झाली नाहीत, बघणारे निवडक झाले एवढंच. आपल्या वर्गातही स्लाइड पटकन पुढे ढकलली की ज्याला बघायचं तो रात्री फोनवर बघतो, फक्त कॅलिस्टोचं नाव त्याला कळत नाही.

दुसरे, आणि ह्यात माझ्याहून लहान मैत्रिणी पण आहेत, म्हणतील की हे सगळं मेल गेझ आहे, म्हणजे पुरुषाच्या नजरेसाठी मांडलेली बाई, विषय संपला. मेल गेझ आहेच, टिशियनचं फिलिपला लिहिलेलं पत्र मी वर सांगितलंय. पण ते दोन शब्द पण पाठ करून पेपरात लिहायला लागले की 'उबदार रंग, सैल ब्रशवर्क'चीच गत होते, चित्र कुणी बघतच नाही. मँचेस्टर आर्ट गॅलरीत जानेवारी २०१८च्या शेवटी सोनिया बॉइस ह्या आर्टिस्टच्या प्रोजेक्टचा भाग म्हणून वॉटरहाउसचं १८९६चं 'हायलस आणि अप्सरा' भिंतीवरून उतरवलं, कमळाच्या तळ्यातल्या पोरी एका तरुणाला पाण्यात ओढतायत ते, आणि रिकाम्या जागी लोकांना चिठ्ठ्या चिकटवायला सांगितलं. केवढा गदारोळ झाला, आठवडाभराने चित्र परत लागलं. प्रश्न विचारायचा हेतू मला मान्य आहे, पण रिकाम्या भिंतीवर लोक चित्राबद्दल बोललेच नाहीत, बंदीबद्दल बोलले. मला त्यापेक्षा २०१२ला लंडनच्या नॅशनल गॅलरीत झालं ते जास्त पटतं. टिशियनच्या ह्याच चित्रांवरून मार्क वॉलिंजरने गॅलरीत एक बंद बाथरूम बांधलं, आत खरोखरीची बाई, नाव खरोखरीचं डायना, ह्या नावाच्या बायका शोधून आणलेल्या, आणि बाहेरच्यांना बघायचं तर किल्लीच्या भोकातून नाहीतर फुटक्या काचेतून डोकवायचं. डोळा लावलात की तुम्ही ॲक्टिऑन. लेक्चर न देता प्रत्येकाला स्वतःच्या डोळ्याची जाणीव करून दिली.

बाईच्या हातातून हाच विषय कसा येतो हेही ठेवा ना तासाला. लाव्हिनिया फोंतानाने १६१३ला मिनर्व्हा कपडे घालतानाची काढलीय, रोममधे बोर्गेझे गॅलरीत आहे, उघड्या अंगाची देवी स्वतःचं वस्त्र हातात घेऊन उभी, चिलखत खाली पडलेलं. आणि आर्टेमिसिया जेंतिलेस्कीची १६१०ची सुझाना, ती पुराणातली नाही बायबलमधली, पण अंघोळ तीच, डोकावणारे म्हातारे तेच, फक्त इथे सुझानाचं सगळं अंग वळून त्यांना ढकलतंय. आर्टेमिसिया तेव्हा १७ वर्षांची होती, तुमच्या फाउंडेशनच्या मुलींएवढी.

वेळ नाही हे मला माहितीये, सिलॅबस रोमनपासून पॉपपर्यंत धावतो. म्हणून मी पूर्ण टर्म मागत नाही, एक डबल लेक्चर मागतेय. टिशियनची दोन्ही चित्रं शेजारी शेजारी, हाय रेझोल्यूशन, गॅलऱ्यांच्या वेबसाइटवर फुकट झूम करता येतात, जी ब्रिटनने २००९ला पाच कोटी आणि २०१२ला साडेचार कोटी पौंड मोजून आपल्याकडे ठेवून घेतलीत. आधी दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, वहीत फक्त कोण कुणाकडे बघतंय त्याचे बाण काढायचे. मग ओव्हिडच्या दोन्ही गोष्टी मराठीत वाचून दाखवायच्या, कुठलाही शब्द न गिळता. मग व्हर्मीर आणि बूशे. वर्गात एखाद्या मुलीला कॅलिस्टोची गोष्ट ऐकून बाहेर जावंसं वाटलं तर तिला जाऊ द्या, कारण विचारू नका, आणि हे सुरुवातीलाच सगळ्यांना सांगून ठेवा.

आणि पेपर सेट करणाऱ्यांना वेगळी विनंती. 'टिशियनच्या शैलीची वैशिष्ट्ये लिहा' हा प्रश्न बऱ्याच वर्षांचा झाला, उत्तर मुलांना पाठ आहे. त्याऐवजी १० मार्कांना हे विचारा : 'डायना आणि कॅलिस्टो' ह्या चित्रात कपडे कोण काढत आहे, कोणाच्या आज्ञेवरून, आणि ज्याच्यामुळे हे घडले तो चित्रात का नाही?

आपली,
तुमच्यासारख्याच एका वर्गात शिकलेली विद्यार्थिनी